आठच्या ड्युटीआधी

सात वाजून दहा.
आठला दवाखान्यात अंगठा लावायचाय
आणि तबकडी अजून थंड.

मटण कॅम्पातलं, बड्याचं, अर्धा किलो.
बाबाजान कन्नड पेपरात गुंडाळतो, वर काळी पिशवी.
हल्ली न विचारताच सांगतो, "म्हस हाय आक्का, म्हस."
मी म्हणतो, ते ठाऊक हाय, मऊ बघून दे.

(हो, मी 'म्हणतो'च. पुण्याची नणंद हसते.
आमच्याकडं बायका अशाच बोलतात,
भात लावतो, धुणं वाळत घालतो, जातो.)

तासभर बर्फाच्या कप्प्यात होतं,
आता सुरी नीट चालते.
आधी धागा बघायचा.
इरकलीच्या पदरासारखा सरळ असतो तो,
त्याला आडवं कापायचं, पातळ, पापुद्र्यागत.
सासू तीन तास शिजवायची, सुपारीचं खांड टाकून.
तिच्याकडं तीन तास होते.
मला रिनपुईनं शिकवलं,
आयसीयूत रात्री दोनला, हातानं हवेत कापून दाखवत.
तिला मराठी येत नव्हतं, मला मिझो.
दोघींचं कन्नड मिळून एकीचं पुरं होत नव्हतं.
"बेग बेग," एवढं मात्र तिला पक्कं यायचं,
"बेग बेग, सिस्टर, आग मोठी."

कडोलीचा कोबी, गाजर, चार घेवड्याच्या शेंगा, एक ढबू मिरची.
नीलव्वा वजन कन्नडात करते, सुट्टे मराठीत परत देते
आणि दोन्हीत दोन रुपये कमी देते.
लसूण ठेचला.
संकेश्वरी मिरच्या दोन, बिया झाडून.

खिडकी लावतो.
वरची मालकीण कधी काही बोलली नाही.
म्हणूनच लावतो.

तबकडी ट्रॅक्टरच्या नांगराची.
उद्यमबागेतल्या भंगारातनं शांतवननं उचलली,
मधलं भोक वेल्डिंगनं बुजवलं,
जेवणाच्या सुट्टीत लेथवर धरून आतनं गुळगुळीत केली,
दोन सळ्या वाकवून कान लावले.
बेकिनकेरेकडच्या कुठल्यातरी शेतात फिरली असणार ही,
ही आली त्या साली तिथल्या जोडीला काम उरलं नसेल,
बाजार दाखवला असेल,
आणि आता हिच्यातच मी
असं काहीतरी येतं मनात
तेवढ्यात तेल धुरावतं, डोळे झोंबतात.

थोडं थोडं टाकायचं.
सगळं एकदम लोटलं की पाणी सुटतं,
मग ते परतणं नव्हे, उकडणं.
आणि लगेच ढवळायचं नाही.
हे सगळ्यात अवघड. हात शिवशिवतो.
एक, दोन, तीन, वीसपर्यंत, नाडी मोजल्यागत,
मग उलटायचं. कडा तांबूस.
ताटात काढलं. दुसरा घाणा. तिसरा.

आता गाजर, घेवडा, मागनं कोबी,
ढबू शेवटी, तिचा करकर राहायला हवा.
मटण परत आत.

सॉसची बाटली रिनपुईची.
आयझॉलला परत जाताना ठेवून गेली,
मराठी पोरीसारखं म्हणून गेली, "येतो हं."
माझ्याकडनंच शिकली होती, चूक कोण काढणार.
तळाला बोटभर राहिलं होतं.
पाणी घालून हलवली, उलटी धरली,
चर्र,
आणि संपली.

भात वडगावच्या बासमतीचा, सकाळचा, मोकळा.
एक डबा शांतवनला, झाकून.
एक माझा, रात्री दोनसाठी.
कढईतलं चिकटलेलं उभ्याउभ्या खाल्लं, चमच्यानं खरवडून,
तेच सगळ्यात चांगलं लागलं.

सात सदतीस.
खिडकी उघडतो. चपला.
बाटली धुतली नाही, तशीच फळीवर ठेवली.
निघताना 'जातो' म्हणू नये, एवढं आम्हीही पाळतो.
घरात कोणी नाही,
तबकडी अजून टक टक करत निवतेय.
येतो, म्हणालो तिला.